डोंगरगावच्या डायनोसॉरचं दुसरं बारसं

वरोऱ्याचं नाव काढलं की बहुतेकांना आनंदवन आठवतं, नाहीतर कोळशाच्या खाणी. याच वरोऱ्याच्या परिसरात, चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगाव आहे आणि गावाजवळ एक टेकडी आहे. १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याहून आलेल्या संशोधकांनी या टेकडीतून एका अवाढव्य प्राण्याची हाडं बाहेर काढली. मान, पाठ, कंबर आणि शेपटी या सगळ्या भागांतले मणके होते, बरगड्या होत्या, खांद्याची हाडं, कमरेचा सांगाडा आणि पुढचा डावा पायही होता. आजच्या अंदाजाप्रमाणे हा प्राणी सुमारे १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट लांब होता. वजन १४-१५ टनांच्या आसपास असावं. लांब मान, लांब शेपटी, खांबासारखे चार पाय आणि पूर्ण शाकाहार, अशा डायनोसॉरांना सॉरोपॉड म्हणतात. डोंगरगावचा प्राणी त्यांच्यापैकीच एक.

जगभरच्या ग्रंथांत तो आज ‘इसिसॉरस कोल्बर्टी’ या नावाने नोंदलेला आहे. पण १९९७ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा नाव होतं ‘टायटॅनोसॉरस कोल्बर्टी’. सहाच वर्षांनी त्याचं दुसरं बारसं करावं लागलं. हाडं तीच, टेकडी तीच, आणि वर्णनातही ढोबळ चूक निघालेली नव्हती. नाव बदलावं लागलं ते डोंगरगावपासून खूप दूर, जबलपूरला, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी घडलेल्या एका गोष्टीमुळे.

१८२८ साली जबलपूरला विल्यम स्लीमन हा कंपनी सरकारचा अधिकारी होता. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून पुढे ज्याची ख्याती झाली, तोच हा स्लीमन. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर त्याला दगड बनलेली काही हाडं सापडली. ती कुठल्या प्राण्याची हे सांगणं त्या वेळी कुणालाच शक्य नव्हतं, कारण ‘डायनोसॉर’ ही कल्पनाच अजून जन्माला यायची होती. रिचर्ड ओवेन यांनी इंग्लंडमध्ये हा गट मांडला तो १८४२ साली, म्हणजे स्लीमनला हाडं मिळाल्यानंतर तब्बल चौदा वर्षांनी. मधल्या काळात ही हाडं हातोहात फिरत अखेर कोलकात्याला पोचली. तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ साली त्यांना नाव दिलं, ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’. ग्रीक पुराणातल्या महाकाय टायटन देवतांवरून पहिला शब्द आणि भारतावरून दुसरा. भारतातून नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर.

हे नाव किती हाडांवर उभं होतं? शेपटीचे दोन मणके आणि मांडीच्या हाडाचा एक तुकडा.

आज हे वाचून लिडेकर यांनी घाई केली असं वाटेल. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या मणक्यांमध्ये खरोखरच एक वेगळी गोष्ट होती. तोवर माहीत असलेल्या बहुतेक महाकाय सरीसृपांच्या शेपटीच्या मणक्यांची दोन्ही तोंडं सपाट किंवा किंचित खोलगट असत. जबलपूरच्या मणक्याचं पुढचं तोंड वाटीसारखं खोल होतं आणि मागचं तोंड चेंडूसारखं फुगीर. पुढच्या मणक्याचा चेंडू मागच्याच्या वाटीत बसायचा, म्हणजे शेपटीभर उखळीचे सांधे. १८७७ साली असं लक्षण सांगून नवा प्राणी जाहीर करणं पूर्णपणे रास्त होतं. अडचण पुढे निर्माण झाली, आणि ती लिडेकर यांच्या हयातीतच सुरू झाली.

दुसरीकडेही असे मणके मिळू लागले. लिडेकर यांनी स्वतः १८९३ साली अर्जेंटिनातल्या हाडांना ‘टायटॅनोसॉरस ऑस्ट्रेलिस’ म्हटलं. १८९६ मध्ये मादागास्करच्या हाडांची भर पडली. पुढे युरोपातली हाडं आली, लाओसमधली आली. वाटी-चेंडूचा मणका दिसला की टायटॅनोसॉरस, असा जणू शिरस्ताच पडला. विसावं शतक संपेपर्यंत या एका नावाखाली चौदा जाती जमा झाल्या होत्या आणि त्या क्रिटेशस या डायनोसॉरांच्या शेवटच्या कल्पातल्या ६ कोटी वर्षांवर पसरलेल्या होत्या. एकच वंश इतका काळ आणि इतक्या खंडांवर टिकला असं मानलं की पृथ्वीच्या इतिहासाचं चित्रच बदलतं. भारत आणि अर्जेंटिनात एकाच वंशाचे डायनोसॉर होते म्हणजे त्या काळात दोन्हीकडे ये-जा होती, असा निष्कर्ष काढायला कुणालाही मोह होईल, आणि तो काढलाही गेला. शेपटीच्या दोन मणक्यांवर खंडांच्या हालचालींचे सिद्धांत टेकवले जात होते.

आता परत विदर्भाकडे. डोंगरगावच्या सांगाड्याआधी या भागातून हाडं मिळाली नव्हती असं नाही. वरोऱ्याजवळच पिजदुरा, म्हणजे ग्रंथांतलं पिसदुरा, नावाचं गाव आहे. नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० च्या आगेमागे इथून हाडं गोळा केली होती. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे. धर्मप्रसार हे त्यांचं काम, पण दगड, वनस्पती, कीटक, लोकांच्या बोली असं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. मध्य भारतातल्या सरीसृपांच्या हाडांवरचं त्यांचं टिपण लंडनला छापून आलं ते १८६४ मध्ये. पुढे लिडेकर यांनी पिसदुऱ्याच्याच शेपटीच्या मणक्यांवर आणखी एक नाव बेतलं, ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’, साल १८७९. म्हणजे वरोऱ्याच्या मातीचा डायनोसॉरांच्या नामावळीशी संबंध तब्बल दीड शतकाचा आहे. पण मिळत होते ते तुकडेच. एक मणका इथे, एक तिथे. एका प्राण्याचा कुठला आणि दुसऱ्याचा कुठला हे ठरवायला काही साधन नव्हतं.

पिसदुरा आणि डोंगरगावचे हे थर ‘लामेटा’ नावाने ओळखले जातात. जबलपूरजवळ नर्मदेवर लामेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडलं. दख्खनचा काळा कातळ ज्वालामुखीतून पसरण्याच्या सुमारास, साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी, मध्य भारतातल्या नद्या, तळी आणि दलदली यांच्या काठी साचलेला हा गाळ आहे. लाल, हिरवट चिकणमाती, वाळू, चुनखडी. त्यावर नंतर लाव्ह्याचे थर चढले. जिथे कातळ झिजून गेला तिथे खालचे लामेटा थर उघडे पडतात आणि त्यांच्याबरोबर हाडं. नांद-डोंगरगाव खोरं म्हणून भूशास्त्रज्ञ जे ओळखतात ते असंच एक उघडं पडलेलं पान. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता. मादागास्करपासून तुटलेला हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला एकटाच समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता.

डोंगरगावला खोदकाम करणारी संस्था होती इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. संख्याशास्त्राच्या संस्थेचा डायनोसॉरशी काय संबंध, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. उत्तर आहे प्रशांतचंद्र महालनोबिस. १९३१ साली ही संस्था स्थापन करणाऱ्या महालनोबिसांना मोजमाप हे सगळ्याच विज्ञानांच्या मुळाशी आहे असं वाटत असे, मग ते माणसांच्या कवट्यांचं असो, पिकांचं असो की जीवाश्मांचं. १९५७ मध्ये त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि संस्थेत भूविज्ञानाचा विभाग उभा राहिला. तरुण भारतीय भूशास्त्रज्ञांची एक फळी तिथे तयार झाली. त्यात होते सोहनलाल जैन.

या विभागाने सुरुवातीलाच मोठं यश मिळवलं होतं. प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंच्याच्या पलीकडे पोचमपल्ली गावाजवळ, त्यांना सुमारे ३०० हाडांचा साठा सापडला. किमान सहा सॉरोपॉड एकत्र गाडले गेले होते. ही हाडं जुरासिक काळातली, म्हणजे डोंगरगावपेक्षा दहा कोटी वर्षांहून जुनी. खोदकामाच्याच काळातलं १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांचं जन्मशताब्दी वर्ष. महालनोबिस तर रवींद्रनाथांच्या निकटच्या वर्तुळातले. १९७५ साली प्राण्याला नाव दिलं गेलं ‘बारापासॉरस टागोराय’. बंगालीत बडो पा म्हणजे मोठा पाय, आणि मांडीचं हाड होतं जवळपास १.७ मीटरचं! लॅटिन-ग्रीकच्या गर्दीत एक देशी शब्द घालून केलेलं हे नाव मला फार आवडतं. बारापासॉरसचा उभा सांगाडा आजही कोलकात्याच्या संस्थेत आहे.

डोंगरगावची हाडं हाती आली तेव्हा जैन यांच्याकडे सॉरोपॉडांचा असा दोन दशकांहून अधिक अनुभव जमा होता. तरीही खोदकाम संपणं आणि वर्णन छापून येणं यात दहा वर्षांहून अधिक अंतर पडलं. हे असंच होतं. हाड जमिनीत असतं तेव्हा ते हजार भेगांनी चिरलेलं असतं. त्यावर कागद आणि गोणपाट घालून प्लास्टर चढवायचं, मातीसकट उचलायचं, प्रयोगशाळेत आणून सुईसारख्या हत्यारांनी कणाकणाने मोकळं करायचं, तुटलेले कंगोरे जुळवायचे. मग प्रत्येक हाड जगभरातल्या ज्ञात हाडांशी ताडून पाहायचं. सॉरोपॉडचा मणका तर विशेष छळवादी असतो. हलका राहावा म्हणून त्याच्यात हवेच्या पोकळ्या असतात, बाहेरून पातळ पातळ पडद्यांसारख्या हाडाच्या कडा असतात, आणि नेमक्या याच कडांमध्ये जातीची ओळख दडलेली असते. एक कड मोडली की पुरावा गेला.

१९९७ मध्ये जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांचा प्रबंध अमेरिकेतल्या पृष्ठवंशी जीवाश्मविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्राण्याची ठेवण चमत्कारिक होती. लांब मानेच्या गटातला असूनही याची मान त्या मानाने आखूड. मानेचे मणके लांबट असण्याऐवजी आखूड आणि उंच, वरचे काटे चांगलेच उभे. पुढचे पाय मात्र लांब, दंडाचं एकटं हाड १४८ सेंटिमीटर. म्हणजे खांदे उंच आणि पाठ मागे उतरती. कवटी, मागचे पाय आणि पंजे मिळाले नाहीत. कवटीचं नवल नाही. सॉरोपॉडचं डोकं धडाच्या मानाने फार लहान आणि मानेशी सैल जोडलेलं. मेल्यावर सगळ्यात आधी तेच निखळून वाहून जातं.

शेपटीचे मणके अर्थातच वाटी-चेंडूचे होते. त्यामुळे त्या काळच्या रीतीप्रमाणे प्राणी टायटॅनोसॉरस वंशात गेला. जातीचं नाव ‘कोल्बर्टी’ ठेवलं एडविन कोल्बर्ट यांच्या सन्मानार्थ. कोल्बर्ट हे अमेरिकेतले नामवंत जीवाश्मतज्ज्ञ, तरुणपणी त्यांनी भारतातल्या शिवालिक टेकड्यांमधल्या सस्तन प्राण्यांवर मोठं काम केलं होतं. पण त्यांचं नाव सर्वतोमुखी झालं ते अंटार्क्टिकामुळे. १९६९ च्या मोहिमेत तिथे लिस्ट्रोसॉरस या डुकराएवढ्या प्राण्याचे अवशेष मिळाले आणि कोल्बर्ट यांनी ते ओळखले. हाच प्राणी दक्षिण आफ्रिकेत आणि बंगालच्या राणीगंज कोळसाक्षेत्रातही सापडतो. समुद्र ओलांडून तो जाणं अशक्य, म्हणजे हे भूभाग एकेकाळी ‘गोंडवन’ नावाच्या एका भूमीत सलग होते. खंड सरकतात यावर शंका घेणाऱ्यांना गप्प करणाऱ्या पुराव्यांत हा एक ठसठशीत पुरावा ठरला. गोंडवन भूमीच्या या अभ्यासकाचं नाव गोंडवनातल्या, आणि खरोखर गोंडांच्या मुलखातल्या, डायनोसॉरला मिळावं हे फार उचित झालं. नाव जाहीर झालं तेव्हा कोल्बर्ट हयात होते. २००१ साली ते गेले.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या जीवाश्मतज्ज्ञांनी टायटॅनोसॉरस नावाची सव्वाशे वर्षांत कुणीच न केलेली झाडाझडती घेतली.

त्यांचा मुद्दा समजायला शास्त्रीय नावाची घडण माहीत हवी. शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव नंतर येतं, तसा शास्त्रीय नावात पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा असतो. प्रत्येक जातीचं नाव एका ठरावीक नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं, त्याला होलोटाइप म्हणतात. प्रत्येक वंश एका आद्य जातीला बांधलेला असतो. टायटॅनोसॉरस या वंशाची आद्य जाती इंडिकस, आणि इंडिकसचा आधार म्हणजे जबलपूरचे ते मणके. म्हणजे या वंशात कुणाला घालायचं असेल तर शेवटी त्या मणक्यांशीच जुळवून दाखवावं लागणार.

आणि तिथेच सगळं अडलं. १८७७ मध्ये जे लक्षण एकमेवाद्वितीय होतं, ते २००३ पर्यंत जगभरच्या डझनावारी वेगवेगळ्या डायनोसॉरांत सापडलेलं होतं. वाटी-चेंडूचा मणका हे एका वंशाचं लक्षण राहिलंच नव्हतं, ते एका भल्यामोठ्या गटाचं सामाईक लक्षण होतं. विल्सन आणि अपचर्च यांनी अशा लक्षणांना कालबाह्य होत गेलेली लक्षणं म्हटलं. सुरुवातीला ती खरंच ओळख पटवणारी होती, पण जसजसे नवे शोध लागले तसतशी ती अनेकांच्या मालकीची झाली. जबलपूरच्या मणक्यांमध्ये दुसरी कुठलीही खास खूण नव्हती. मग इंडिकस हे नाव ‘शंकास्पद’ ठरलं. असं नाव पुसून टाकलं जात नाही, यादीत ते राहतं, पण त्याच्या आधारावर दुसरं काही बांधता येत नाही. चौदा जातींपैकी फक्त पाचच स्वतःच्या लक्षणांवर उभ्या राहू शकल्या. काहींना आधीच वेगळं घर मिळालं होतं. लिडेकर यांची अर्जेंटिनी ऑस्ट्रेलिस आज ‘न्यूकेनसॉरस’ वंशात आहे. पिसदुऱ्याचा ब्लॅनफोर्डी टिकला नाही.

कोल्बर्टी मात्र भक्कमपणे टिकला. त्याचे उंच काट्यांचे मानेचे मणके, लांब पुढचे पाय, एकेका हाडातली वैशिष्ट्यं अशी होती की दुसऱ्या कुणाशी गल्लत होणं शक्य नव्हतं. जाती पक्की, पण तिचा वंशच नाहीसा झालेला. तिला नवा वंश द्यावा लागला. विल्सन आणि अपचर्च यांनी तो दिला, ज्या संस्थेने हाडं शोधली, खोदली, जपली तिच्या आद्याक्षरांवरून. इंग्रजी आय-एस-आय आणि पुढे सॉरस, म्हणजे सरडा. इसिसॉरस.

नियम असा की वंश बदलला तरी जातीचं नाव बदलत नाही, म्हणून कोल्बर्टी कायम राहिला. आणि ज्यांनी जाती प्रथम वर्णिली त्यांचं श्रेयही कायम राहतं. पूर्ण नाव लिहिताना ‘इसिसॉरस कोल्बर्टी (जैन आणि बंदोपाध्याय, १९९७)’ असं लिहितात. हा कंस शोभेचा नाही. मूळ लेखकांची नावं कंसात दिसली की जाणकाराला लगेच कळतं, ही जाती आधी दुसऱ्या वंशात होती. एवढ्याशा खुणेत प्राण्याच्या नावाचा सगळा प्रवास नोंदलेला आहे.

जैन यांचं स्वतःचं नावही एका डायनोसॉरला मिळालेलं आहे. जबलपूरलाच चार्ल्स मॅटली यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खोदून काढलेल्या सॉरोपॉडच्या हाडांना १९३३ मध्ये फ्रीडरिख फॉन ह्यूने यांनी ‘अंटार्क्टोसॉरस’ या दक्षिण अमेरिकी वंशात टाकलं होतं. तिथेही तीच परकी छत्री. १९९५ मध्ये त्याला वेगळं करून ‘जैनोसॉरस’ म्हटलं गेलं. लामेटा थरांतले सर्वमान्य सॉरोपॉड आज हे दोनच, इसिसॉरस आणि जैनोसॉरस. एक जैन यांनी वर्णिलेला, दुसरा त्यांच्या नावाचा.

टायटॅनोसॉरसच्या मूळ हाडांचं काय झालं? ती कित्येक दशकं बेपत्ता होती. विल्सन आणि अपचर्च यांना २००३ चं काम चित्रं आणि जुन्या वर्णनांच्या आधाराने करावं लागलं. मग २०१२ साली नागपूरचे जीवाश्मतज्ज्ञ धनंजय मोहबे, सुभाशीष सेन आणि विल्सन यांना कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच मूळ जीवाश्म परत सापडलं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ते ‘करंट सायन्स’मध्ये जाहीर केलं. हाड परत आलं म्हणून नाव परत आलं नाही, कारण मणक्यात नवी खूण काही निघाली नाही. तरी १८२८ साली स्लीमनच्या हाताला लागलेला भारतातला पहिला डायनोसॉर नेमका कुठे आहे हे आता माहीत आहे, आणि याचं मोल मला फार वाटतं. संग्रहालयाच्या कपाटातली जुनी चिठ्ठी आणि क्रमांक नीट जपले नाहीत तर टेकडीतून काढलेलं हाड दुसऱ्यांदा गाडलं जातं.

टायटॅनोसॉरस हा वंश गेला, पण त्याच्यावरून पडलेलं ‘टायटॅनोसॉरिया’ हे मोठ्या गटाचं नाव मात्र चालूच आहे. अर्जेंटिनातले अर्जेंटिनोसॉरस आणि पॅटागोटायटन, म्हणजे जमिनीवर चाललेल्या सगळ्यात मोठ्या प्राण्यांपैकी दोन, याच गटातले. त्यांच्या गटाला नाव मिळालं ते जबलपूरच्या टेकडीवरच्या मणक्यांवरून.

आता इसिसॉरस जगत कसा होता याकडे वळू. इथे मदतीला येते पिसदुऱ्याची अश्मीभूत विष्ठा. शास्त्रीय भाषेत कोप्रोलाइट. पिसदुऱ्याच्या परिसरात हे दगडी गोळे टायटॅनोसॉरांच्या हाडांबरोबरच मिळतात, आणि त्यातले मोठे गोळे बहुतेक या सॉरोपॉडांचेच असावेत असं त्या सहवासावरून मानलं जातं. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी या गोळ्यांच्या आत सूक्ष्मदर्शकाने पाहिलं आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केलं की त्यात गवत आहे.

खुद्द गवत नव्हे, गवताचे फायटोलिथ. गवतवर्गीय वनस्पती मातीतून सिलिका शोषून आपल्या पेशींत साठवतात. उसाच्या पानाने किंवा रानगवताने बोट कापतं ते यामुळेच. या सिलिकाच्या कणांचे आकार वनस्पतीनुसार ठरलेले असतात आणि पान कुजलं, पचलं, दगड झालं तरी कण टिकतात. पिसदुऱ्याच्या गोळ्यांत किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. तोवरची समजूत अशी होती की डायनोसॉर संपल्यावर बऱ्याच काळाने गवतं आली. चित्रांतल्या डायनोसॉरांच्या पायाखाली गवत दाखवणं ही चूक मानली जाई. ती समजूत चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेणाने मोडली! त्यातले काही कण भाताच्या जवळच्या गवतांशी जुळत होते, आणि २०११ मध्ये याच गटाने मध्य भारतातल्या या काळच्या थरांमध्ये भाताच्या कुळशाखेचा पुरावा आणखी पक्का केला. ज्या पट्ट्यात आज धानाची शेती होते तिथे भाताचे दूरचे पूर्वज डायनोसॉरांच्या तोंडी जात होते.

गवत हा मात्र त्यांचा मुख्य आहार नव्हता. गोळ्यांमध्ये ताडवर्गीय झाडं, सूचिपर्णी वृक्ष आणि रुंद पानांच्या वनस्पती यांचे अवशेष जास्त आहेत. पानांवर रोग पाडणाऱ्या बुरशांचे बीजाणूही मिळाले, म्हणजे झाडांची पानं ओरबाडणं चालू होतं. उंच खांदे आणि वर उभी धरलेली आखूड मान असलेल्या प्राण्याला मधल्या उंचीची झाडं सोयीची पडली असतील.

याच लामेटा थरांतून गुजरात आणि मध्य प्रदेशात डायनोसॉरांची अंडीही विपुल मिळतात. धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ती टायटॅनोसॉर गटाची आहेत यावर फारसा वाद नाही. ती इसिसॉरसची की जैनोसॉरसची, हे सांगता येत नाही, कारण त्यासाठी अंड्यात ओळखू येईल असं पिल्लाचं हाड हवं. म्हणून अंड्यांना वेगळीच शास्त्रीय नावं दिली जातात, प्राण्यांच्या नावांशी न जोडता. जबलपूरच्या दोन मणक्यांनी सव्वाशे वर्षं जो घोळ घातला, त्यानंतर ही सावधगिरी योग्यच म्हणायची.

मागच्या पायांचंही तसंच आहे. डोंगरगावच्या सांगाड्याला मागचे पाय नाहीत. त्यामुळे लामेटा थरांत कुठे मांडीचं सुटं हाड मिळालं तर ते इसिसॉरसचं आहे असं थेट जुळवून म्हणता येत नाही. त्यासाठी आणखी एक सांगाडा हवा, ज्यात दंडाचं हाड आणि मांडीचं हाड एकत्र असतील. नांद-डोंगरगाव खोऱ्यात लामेटा थर अजूनही उघडे आहेत आणि दर पावसाळ्यात ते थोडे आणखी झिजतात.